स्पॅनिशमधली चिडकी माणसं: किती चिडली आणि कुठल्या देशात चिडली?

वेलदोडा
आमच्या ऑफिसात स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांच्या तक्रारी येतात. नव्या मुलामुलींना ते मेल वाचायला शिकवायचं काम हल्ली माझ्या गळ्यात आहे. पोरं हुशार आहेत, परीक्षा देऊन आलेली, क्रियापदांची रूपं झोपेतही म्हणतील. पण माणूस भडकला की पुस्तकातली भाषा सोडून घरच्या भाषेत शिरतो, आणि तिथे यांची गाडी रुतते. मेक्सिकोच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'मे दा मूचो कोराखे'. सारांशात आलं, 'ग्राहकाला खूप धैर्य वाटत आहे'. शब्दकोशात कोराखे म्हणजे धैर्य हे खरंच आहे. मेक्सिकोत मात्र त्याचा रोजचा अर्थ संताप.

तर मला राग, चिडचिड, तिरसटपणा, फुगलेलं तोंड या सगळ्याचे स्पॅनिश शब्द एका जागी हवेत. समानार्थी शब्दांची यादी नको, ती कुठेही मिळते. कोण, कुठे, कुणासमोर म्हणतं ते हवं. माझ्याकडून सुरुवातीचा माल:

साधं, कुठेही चालणारं: 'एस्तार दे माल उमोर', म्हणजे मूड खराब असणं. अशा माणसाला मालुमोरादो. चिडलेला म्हणजे स्पेनमध्ये एन्फादादो, अटलांटिक ओलांडला की एनोखादो. दोन्ही दोन्हीकडे कळतात, पण मेलवर देशाचं नाव नसलं तरी यावरून साधारण अंदाज येतो.

माणसाचा स्वभावच तसा असेल तर ग्रुन्योन. ग्रुन्यिर म्हणजे डुकराचं डुरकणं, कुत्र्याचं गुरगुरणं. सतत गुरगुरणारा तो ग्रुन्योन. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द कास्कार्राब्यास. कास्कार म्हणजे फोडणं, तडकवणं आणि र्राब्या म्हणजे संताप. बारीकसारीक गोष्टीवरून फटाफट तडकणारा, बहुतेक वेळा म्हातारा. पुरुष असो, बाई असो, एक असो की दहा, शब्द तोच राहतो.

आता तुम्ही भर घाला. शिव्या चालतील, पण जरा तारतम्याने, नवी मुलं धागा वाचणार आहेत.

टवाळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्या साहेबांसाठी एक शब्द हवाच होता.

अक्षांश
वेलदोडाताई, छान विषय. मी बरीच वर्षं वालेन्सियात आहे, त्यामुळे स्पेनचा किल्ला मी लढवतो.

इथे रोजच्या बोलण्यात 'माल उमोर' कमी आणि 'माला लेचे' जास्त. लेचे म्हणजे दूध. 'एस्तार दे माला लेचे' म्हणजे आज डोकं फिरलेलं असणं. 'तेनेर माला लेचे' म्हणजे मुळातच खुनशी, कुजका असणं. या दोन्हींतलं अंतर मोठं आहे. सहकारी आज 'एस्ता दे माला लेचे' असेल तर उद्या तुम्हाला कॉफी पाजेल. 'त्येने माला लेचे' म्हटलं की त्याच्यापासून चार हात लांब राहा.

दुधाचा काय संबंध, तर जुनी समजूत अशी की अंगावरच्या दुधातून स्वभाव उतरतो. श्रीमंत घरांत दाया ठेवायचे, १९व्या शतकात कान्ताब्रियातल्या पास खोऱ्यातल्या बायका माद्रिदच्या राजवाड्यापर्यंत दूध पाजायला जायच्या. पोरगं वाईट निघालं की खापर दाईच्या दुधावर. शब्दाच्या जन्माची म्हणून हीच कथा सांगितली जाते. आपल्याकडे 'आईचं दूध प्यायला असशील तर' असं आव्हान देतात, त्याच विचाराचं हे दुसरं टोक.

शब्द थोडा राकट आहे. मित्रांत सर्रास, सासरी नाही. सभ्य पर्याय 'माला ऊबा', वाईट द्राक्ष. याच्याच जवळ 'तेनेर माल बीनो' आहे, पण त्याचा अर्थ वेगळा: दारू पोटात गेली की जो भांडायला उठतो तो. ही जमात आपल्याकडेही आहे, आपण तिला नाव दिलेलं नाही इतकंच.

खारीबिस्कीट
@अक्षांश, 'बोर्दे' राहिला की! स्पेनमध्ये शिकत असताना सगळ्यात आधी तोच ऐकला. बारमधल्या वेटरने मेन्यू टेबलावर आपटला की मैत्रीण पुटपुटायची, 'के बोर्दे'.

अक्षांश
बरोबर, बोर्दे. खेकसून बोलणारा, तुसडा. मूळ अर्थ कलम न केलेलं रानटी झाड, आणि अनौरस मूलही. आज कुणाला ते आठवत नाही. 'एस बोर्दे' म्हणजे माणूसच तुसडा, 'एस्ता बोर्दे' म्हणजे आज तोडून बोलतोय.

ग्रानादाला गेलात तर एक स्थानिक प्रकार भेटेल, मालाफोया. तो तिथल्या लोकांचा अभिमानाचा विषय आहे. दुकानात 'अमुक आहे का' विचारलं तर 'दिसतंय का तुम्हाला इथे?' असं उत्तर येतं. राग नसतो त्यात, द्वेषही नसतो, बोलायची रीतच तशी. लोहाराच्या भात्याशी या शब्दाचं नातं सांगतात, भाता नीट न फुंकणारा पोऱ्या वगैरे. पुण्याच्या वाचकांना मालाफोया समजावून सांगायची गरज पडू नये.

कोथरूडचा_वाघ
आम्ही वाचतोय हं.

नीलमोहर
व्याकरणाचा मुद्दा कुणीतरी नीट मांडायला हवा, कारण अर्धा घोळ तिथे आहे. मी स्पॅनिश शिकवते, म्हणून माझं घोडं दामटते.

मराठीत 'तो चिडका आहे' आणि 'तो चिडलेला आहे' यांत क्रियापद एकच, विशेषण बदलतं. स्पॅनिशमध्ये बऱ्याचदा विशेषण तेच आणि क्रियापद बदलतं. 'सेर' लावलं की स्वभाव, 'एस्तार' लावलं की सध्याची अवस्था. एवढं पहिल्या पुस्तकात असतं. पुढचं नसतं: काही विशेषणं क्रियापद बदललं की कूसच बदलतात.

कोलंबियातला बेर्राको घ्या. 'एस बेर्राको' म्हणजे जिगरबाज, कामाचा पक्का, कौतुकाचा शब्द. 'एस्ता बेर्राको' म्हणजे भडकलाय. तसाच ब्राबो. 'एस ब्राबो' म्हणजे शूर किंवा मारकुटा, बैलाला लावतात तो. कॅरिबियन बेटं, कोलंबिया, व्हेनेझुएला या पट्ट्यात 'एस्ता ब्राबो' म्हणजे रागावलाय. आपण टाळ्या वाजवताना ब्राव्हो म्हणतो तोच शब्द.

तिसरं क्रियापद 'तेनेर', जवळ असणं. 'तेनेर माल खेन्यो' म्हणजे तापट असणं. खेन्यो म्हणजे स्वभाव, वृत्ती. स्पेनमध्ये 'तेनेर प्रोन्तोस' असंही म्हणतात: एरवी गाय, पण अचानक झटका येतो आणि दोन मिनिटांत ओसरतो. माझ्या वर्गात हा शब्द सांगितला की प्रत्येकाला घरातलं कुणीतरी आठवतं.

आणि 'एस्तार दे' अधिक नाम ही रचना मुलांकडून घोटून घ्या. 'दे मालास' म्हणजे मूड बिघडलेला (मेक्सिकोत फार), 'दे मोर्रोस' म्हणजे ओठ पुढे काढून, तोंड फुगवून, 'दे उन्यास' म्हणजे नखं बाहेर काढून, एकमेकांवर डूख धरून. या सगळ्या तात्पुरत्या अवस्था, 'सेर' इथे चालत नाही.

टवाळ
बाकी सगळं ठीक आहे, पण एक शंका. एवढं कशाला? एनोखादो शिका, पुढे 'मुय' (खूप) लावा, झालं काम. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला आपण 'राग आला' एवढंच शिकवतो, त्याला कुणी 'पित्त खवळलं' शिकवत नाही.

वेलदोडा
@टवाळ, बोलायला तेवढं पुरतं हो. वाचायला नाही पुरत. ग्राहक स्वतःहून 'मुय एनोखादो' लिहील याची हमी कोण देणार? आणि आमच्या कामात किती चिडलाय याला किंमत आहे. 'एस्तोय मोलेस्तो' लिहिणारा नाराज आहे, समजूत घातली तर राहील. 'एस्तोय इन्दिग्नादो' लिहिणारा वकिलाचा नंबर शोधतोय. दोघांना एकच साचेबंद उत्तर गेलं तर दुसरा हातचा जातो.

शिवाय 'चिडलेला' म्हणून शिकलेला शब्दही सगळीकडे एकाच तापमानाचा नाही. मेक्सिकोच्या उत्तर भागात एन्फादादो म्हणजे कंटाळलेला. चिलीत काब्रेआदोचं तेच. स्पेनमध्ये काब्रेआदो म्हणजे चांगलाच तापलेला (काब्रा म्हणजे शेळी, शेळीने काय केलं कोण जाणे), चिलीत तो बिचारा फक्त कंटाळलेला आणि वैतागलेला.

रानभूल
मेक्सिकोवरचं माझ्याकडून. तीन वर्षं ग्वादालाखारात काढली आहेत, घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या आणि रागाच्या बाबतीत त्यांच्याकडे अख्खं आयुर्वेदशास्त्र होतं.

तिथे राग 'करतात'. 'आसेर कोराखे', राग करणं. वारंवार करणारा तो कोराखुदो, किंवा एनोखोन. राग केला की पित्त सांडतं: 'आसेर बिलिस', 'देर्रामार ला बिलिस'. हे नुसतं बोलणं नाही. जुनी माणसं राग आल्यावर अवोकाडो खाऊ देत नाहीत, बाधतो म्हणतात. एकदा बँकेतून तणतणत आले आणि ताटातला ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी) बाईंनी शांतपणे उचलून नेला. भीती वाटली, धक्का बसला तर उपाय वेगळा, बोलियो नावाचा पाव खायचा. भूकंप झाला की आजही लोक गमतीने एकमेकांना विचारतात, बोलियो खाल्लास का?

लहान मुलांचं आकांडतांडव म्हणजे बेर्रिन्चे, आणि तसं करणारं पोर बेर्रिन्चूदो. मोठ्यांनाही लावतात, तेव्हा जास्त झोंबतं. घुसमटलेल्या, आतल्या आत धुमसणाऱ्या रागाला मुइना. हा शब्द मला फार आवडतो, धुसफूस म्हणतो तसा.

मधला_मार्ग
@रानभूल, तुमच्या मालकीणबाईंचं शास्त्र युरोपातून गेलेलं आहे. शरीरात चार द्रव असतात, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि त्यांच्या प्रमाणावर स्वभाव ठरतो, हा ग्रीक वैद्यकाचा विचार. दुसऱ्या शतकात गॅलेनने तो पक्का केला आणि पुढे दीड हजार वर्षं युरोपचे वैद्य त्यावर चालले. 'उमोर' या शब्दाचा मूळ अर्थ शरीरातला द्रव असाच. 'माल उमोर' म्हणजे अक्षरशः बिघडलेला द्रव. पिवळं पित्त वाढलं की कोलेरिको, तापट. काळं वाढलं की उदास. कफ जास्त तर थंड, अजूनही स्पॅनिशमध्ये 'तेनेर फ्लेमा' म्हणजे ढिम्म न हलणं. पुस्तकी भाषेत तिरसट माणसाला आत्राबिल्यार्यो म्हणतात, त्यात काळं पित्त जसंच्या तसं बसलंय. टवाळराव, तुम्ही 'पित्त खवळलं' कुणी शिकवत नाही म्हणालात. स्पॅनिश माणसाला शिकवून बघा, एका क्षणात समजेल.

याच घराण्यातली एक गंमत: 'एल कोलेरा' म्हणजे रोग, 'ला कोलेरा' म्हणजे राग. मराठीत राग आणि रोग यांत एका मात्रेचा फरक, तिथे लिंगाचा.

टवाळ
मागे घेतो शब्द. पॉपकॉर्न संपले, जेवायला बसलो आता.

ब्युनोस_बारामती
आर्जेन्टिना कुणी घेतलं नाही अजून? मग मी.

ब्वेनोस आयरेसच्या बोलीत इटालियन स्थलांतरितांचा मोठा वाटा आहे. बंदराकाठच्या वस्त्यांतून तयार झालेली ती लुन्फार्दो. तिच्यातला 'मुफा' घ्या. इटालियनमध्ये मुफ्फा म्हणजे बुरशी. इथे 'तेनेर मुफा', 'एस्तार मुफादो' म्हणजे मनावर बुरशी चढल्यासारखा मूड. त्याचबरोबर मुफा म्हणजे पनवतीही. ज्याच्या पायगुणाने संघ हरतो तो मुफा. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात कुणी आधीच 'जिंकलो आपण' म्हणालं की दुसरा लगेच 'आनुलो मुफा' म्हणायचा, म्हणजे पनवती रद्द. कतारपासून कोर्दोबापर्यंत त्या महिन्यात हेच ऐकू येत होतं. आपण 'लाकडाला हात लावा' करतो तसं.

'ब्रोन्का' मात्र जपून. आर्जेन्टिनात 'मे दा ब्रोन्का' म्हणजे माझी तळपायाची आग मस्तकात जाते. स्पेनमध्ये ब्रोन्का म्हणजे खरडपट्टी किंवा राडा. मेक्सिकोत नुसती अडचण, 'नो आय ब्रोन्का' म्हणजे काही प्रॉब्लेम नाही. ताई, तुमच्या नव्या मुलांना हा एक शब्द तीन वेगवेगळ्या मेलांत दाखवा.

चिडक्या माणसाला इथे चिन्चुदो. चिन्चे म्हणजे ढेकूण. रात्रभर ढेकूण चावलेल्या माणसाचं सकाळचं तोंड डोळ्यांसमोर आणा.

खारीबिस्कीट
प्राणिसंग्रहालयच झालं की हे! शेळी, ढेकूण... 'तेनेर मालास पुल्गास' पण आहे ना? वाईट पिसवा असणं.

अक्षांश
आहे, आणि भरपूर वापरात आहे. त्या पिसवा कुत्र्याच्या. 'उमोर दे पेर्रोस' म्हणजे कुत्र्यांचा मूड, अत्यंत वाईट. 'कारा दे पेर्रो', कुत्र्याचं तोंड करून बसणं. वेलदोडाताईंच्या कास्कार्राब्यासमधला र्राब्या म्हणजे संतापही आणि पिसाळी हा रोगही. मराठीत माणूस पिसाळतो, तिथेही पिसाळतो.

माशीही घ्या. मोस्का म्हणजे माशी. मोस्केआदो म्हणजे थोडा चिडलेला आणि थोडा संशय आलेला, हे मिश्रण मराठीत एका शब्दात मला सापडलेलं नाही. एखादा उगाच अंगावर आला तर विचारतात, 'के मोस्का ते आ पिकादो?' कुठली माशी चावली तुला? आपल्याकडे नाकावर माशी बसू न देणारे आहेत, ते यांचे चुलतभाऊ.

मांडवीकर
गोंयच्यान एक भर. पोर्तुगीजमध्ये किरकिऱ्या माणसाला राबुझेंतु म्हणतात. राबुझें म्हणजे कुत्र्याला होणारी खरूज. माझी आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, आजोबांना त्यांच्या तोंडावर राबुझेंतु म्हणायची आणि त्यांना ते कौतुक वाटायचं. सीमेच्या अलीकडे पिसवा, पलीकडे खरूज. कुत्रा बहुधा एकच असावा.

कोथरूडचा_वाघ
मला मूळ मुद्द्यावर भांडायचंय. कास्कार्राब्यासला मराठी प्रतिशब्द काय? माझं मत: खडूस. विषय संपला.

वेलदोडा
विषय सुरू झाला! खडूस नाही चालणार. खडूस माणूस नियमावर बोट ठेवतो, सुट्टी देत नाही, दारातला बॉल परत देत नाही. त्यात आपलेपणाचा अंश नाही. कास्कार्राब्यास आजोबा चिडतात, काठी आपटतात आणि बॉल परत देतात. खडूसला बोर्देच्या किंवा माला लेचेच्या शेजारी बसवा.

रानभूल
चिडका बिब्बा?

नीलमोहर
तो खेळातल्या मुलांना म्हणतात, आजोबांना नाही. जमदग्नी बरा आहे. पण जमदग्नी शाप देतो, त्याचा राग भव्य असतो. कास्कार्राब्यासचा राग किरकोळ गोष्टींवरचा: वर्तमानपत्राची घडी मोडली, चहात साखर कमी पडली. मी 'तिरसट'च्या बाजूने.

मधला_मार्ग
तिरसट माणूस वाकडं बोलतो, तडकत नाही. मला तर एक शब्द शोधायचा हट्टच पटत नाही. 'नाकावर राग असलेला म्हातारा' असं लिहा आणि पुढच्या ओळीवर जा.

कोथरूडचा_वाघ
मी अजूनही खडूसवर ठाम आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बॉल परत देतात, तरीही खडूस.

वेलदोडा
मग ते किस्कियोसो असतील. बारीकसारीक गोष्टीत खोड काढणारे, आणि स्वतःला लगेच लागणारे. किस्किया म्हणजे क्षुल्लक गोष्ट, आणि एक छोटी कोळंबीही. याचाच धाकटा भाऊ तिकिसमिकिस. भाजीत कोथिंबीर दिसली तरी ताट सरकवणारा. 'हे तुला, हे मला' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचं विडंबन होऊन तो तयार झालाय. दोघांत फरक एवढाच, तिकिसमिकिसला राग येत नाही, किळस येते.

पण किस्कियोसो माणसासाठी एक झकास म्हण आहे: 'क्येन से पिका, आखोस कोमे'. ज्याला झोंबलं त्याने लसूण खाल्ला. कुणाचं नाव न घेता बोललात आणि एकजण उसळला, की ही म्हण त्याच्या अंगावर टाकतात. खाई त्याला खवखवे! लसूण तिथे, बहुधा सुरण इथे, बाकी सगळं तेच.

नीलमोहर
म्हणींवरून आठवलं, 'खेन्यो इ फिगूरा, आस्ता ला सेपुल्तूरा'. स्वभाव आणि ठेवण थडग्यापर्यंत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. वर्गात मी आधी मराठी म्हण सांगते, मुलं स्पॅनिश जुळवतात. उलट करून चालत नाही, हल्लीच्या मुलांना मराठीच आठवत नाही. (हे माझं तेनेर माल खेन्यो.)

लिमालिंबू
उशीर झाला, पण पेरू कुणी धरलाच नाही. लिमात चिडलेला माणूस आमार्गो, म्हणजे कडू. 'एस्तोय आमार्गो'. स्पेनमध्ये कडू फक्त कॉफी असते. अजून बोली म्हणजे आसादो, भाजलेला. कायम कुरकुरणाऱ्याला रेनेगोन, हे बोलिव्हियातही आहे. रेनेगार म्हणजे वैतागून कुरकुर करणं. आमच्या इथल्या कामवाल्या मावशी स्वतःच सांगायच्या, 'सोय रेनेगोना', आणि नंतर फरशी पुसताना ते सिद्ध करायच्या.

ब्युनोस_बारामती
कुरकुरीचे ध्वनीही घ्या मग. रेफुन्फुन्यार, रेसोंगार. कानाला कळतंय काय चाललंय ते. आपल्या भुणभुण, पिरपिर, कुरकुर, किरकिर यांच्याशी सोयरीक जमेल.

अक्षांश
आता एक गंभीर सूचना, नव्या मुलांसाठी. व्हेनेझुएलाच्या मेलात 'एस्तोय आर्रेचो' आलं तर तो संतापलाय. (गंमत म्हणजे एखादी गोष्ट भारी असली तरी तिथे आर्रेचोच म्हणतात.) तोच शब्द कोलंबियाच्या बऱ्याच भागांत कामवासनेचा आहे. सान्तान्देर प्रांतात परत राग आणि हिंमत. म्हणजे हा शब्द वाचायचा, समजून घ्यायचा, पण आपल्या उत्तरात उलट वापरायचा नाही. 'आपण आर्रेचो असल्याचं आम्ही समजू शकतो' असं बोगोताला गेलं तर काय होईल याचा विचार करा.

टवाळ
जेवण घशात अडकलं.

वेलदोडा
@अक्षांश, हे थेट उद्याच्या सत्रात घेते. आमचा नियम असाच करते: ग्राहकाने काहीही लिहो, उत्तरात फक्त 'मोलेस्तिया' हा शब्द. झालेला त्रास. सगळ्या देशांत बिनविषारी.

कोलंबियाच्या मेलांत अजून एक नेहमी दिसतं, 'मे साकारोन ला प्येद्रा', माझा दगड बाहेर काढला. एकाने खरंच विचारलं होतं, हा मूतखड्याचा पेशंट आहे का? संताप आणलात एवढाच अर्थ. स्पेनमध्ये तिथे 'साकार दे किथ्यो', दार बिजागरीतून निखळवणं.

खारीबिस्कीट
चेहऱ्याचे शब्द संपवू या का? 'कारा दे पोकोस आमिगोस', मोजकेच मित्र असलेलं तोंड. 'कारा दे बिनाग्रे', व्हिनेगरचं तोंड. आपलं एरंडेल प्यायलेलं तोंड याच्या जवळ जाईल, पण एरंडेलात वाईट चव आहे, व्हिनेगरात आंबणं आहे. माणूस कालांतराने आंबतो, त्याला आबिनाग्रादो. मेक्सिकोत 'त्राएर खेता', थोबाड घेऊन येणं. शाळेतून परत आलेल्या मुलाला विचारतात ते.

आणि 'नो एस्ता एल ओर्नो पारा बोयोस'. भट्टी सध्या पाव भाजायच्या लायकीची नाही. म्हणजे साहेबांकडे रजेचा अर्ज आज नेऊ नका.

मैनामाय
वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा लिहितेय. मुलगी चार वर्षांची आहे, जन्म बार्सेलोनाचा. तिच्या बालवाडीच्या बाई रोज सांगतात की आज ती 'एन्फुर्रुन्यादा' होती. वर कुणीच हा शब्द घेतला नाही. राग म्हणजेच ना? काळजी करायची का?

अक्षांश
अजिबात नको! एन्फुर्रुन्यार्से म्हणजे रुसणं, गाल फुगवून कोपऱ्यात बसणं. थोडा लाडाचा शब्द आहे, मोठ्यांना लावला तर चिडवल्यासारखा. मूल खरंच हाताबाहेर गेलं असतं तर बाईंनी 'राब्येता' म्हटलं असतं, म्हणजे आरडाओरडा, लोळण.

नीलमोहर
फुरंगटलेली! मैनाताई, मराठीत अगदी हाच शब्द आहे, आवाजासकट. चिलीत अशा मुलाला आमुर्रादो म्हणतात, मेक्सिकोत एम्बेर्रिन्चादो, पण तो जरा आदळआपट करणारा.

मैनामाय
धन्यवाद. जीव भांड्यात पडला. तिच्या बाबालाही हाच शब्द लावता येईल का?

अक्षांश
शेवटचं अक्षर 'दो' करून लावा. पण तो क्रिकेट बघत नसताना.

वेलदोडा
सगळ्यांचे आभार, मजकूर उचलून देशवार लावते आहे. मध्य अमेरिका अजून रिकामी आहे. कोस्टा रिकात रागाला चिचा म्हणतात एवढं मला माहीत आहे, ग्वातेमाला, होन्दुरास, निकाराग्वा इथलं कुणी असेल तर लिहा. क्यूबाचंही कुणी काही दिलेलं नाही.